रेघ मंगळवारची, तोटा शुक्रवारचा

पत्र: अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं टॉवेलचं लहान युनिट आहे. दीडेक वर्ष निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनमध्ये आयर्न कॉन्डॉर करतो (भावाच्या खालचा पुट, म्हणजे पडझडीत वाढणारा ऑप्शन, आणि वरचा कॉल, म्हणजे तेजीत वाढणारा, विकायचा; त्याहून लांबचे दोन संरक्षणाला घ्यायचे), एक किंवा दोन लॉट. सौदा टाकण्याआधी ब्रोकरच्या ॲपमधल्या 'व्हॉट-इफ'मध्ये निफ्टी तीनशे पॉइंट पडला तर काय होईल ते बघून घेतो. तिथे रेघ हिरवीच असते. प्रत्यक्षात निफ्टी तेवढाच पडतो आणि खात्यात तोटा दिसतो. घाबरून पोझिशन काटली की दोन दिवसांनी कळतं, थांबलो असतो तर नफा झाला असता. आणि थांबलो की उलटं होतं. सॉफ्टवेअर चुकतं की मी? महिना हजार-बाराशे भरून चांगलं सॉफ्टवेअर घ्या, असं भाचा म्हणतो. घेऊ का? आणखी एक, दिवसभर युनिटवर असल्यामुळे सारखा मोबाईल बघणं जमत नाही.
— एक वाचक, जुळे सोलापूर

सप्रेम नमस्कार.

सॉफ्टवेअर बरोबर आहे. फक्त तुम्ही मंगळवारचं उत्तर शुक्रवारला लावताय. पेऑफ चार्टवर (निफ्टीच्या कोणत्या भावाला किती नफा-तोटा ते दाखवणाऱ्या आलेखावर) ठळक दिसते ती रेघ एक्स्पायरीच्या, ऑप्शनची मुदत संपण्याच्या, क्षणाची, म्हणजे निफ्टीसाठी मंगळवारी बाजार बंद होतानाची. त्याआधीच्या कोणत्याही दिवसाची रेघ वेगळी असते. बहुतेक ॲपमध्ये ती फिकट किंवा तुटक काढलेली असते आणि 'टार्गेट डेट' नावाच्या स्लायडरने हलते. हा स्लायडर एक्स्पायरीवरच ठेवून फक्त भावाचा स्लायडर सरकवला, तर मधल्या सहा दिवसांत खात्यात काय दिसेल ते कळणारच नाही.

टॉवेलची मोठी ऑर्डर घेताना सुताचा भाव वाढला तर काय, एवढ्यावर तुम्ही थांबत नसाल. सूत वाढलं, माल दहा दिवस उशिरा निघाला आणि वर पार्टीने पेमेंट लांबवलं, तर हातात काय राहील हे एकत्रच बघत असाल. ऑप्शनमध्येही निफ्टीचा भाव, उरलेले दिवस आणि आयव्ही (पुढे किती चढ-उतार होईल याचा ऑप्शनच्या भावात दडलेला वार्षिक टक्का) या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हलतात. व्हॉट-इफचा उपयोग तिन्ही एकदम हलवण्यासाठीच आहे.

तुमच्या सौद्यासारखाच एक सौदा घेऊ. आकडे ब्लॅक-शोल्स या ऑप्शनची किंमत काढणाऱ्या सूत्राने काढलेले, व्याज सोडून दिलेलं, उदाहरणापुरते. निफ्टी २५,०००, एक्स्पायरीला ७ दिवस. २४,६०० चा पुट ४५ ला विकला, २४,४०० चा पुट २१ ला घेतला. २५,४०० चा कॉल ३४ ला विकला, २५,६०० चा कॉल १२ ला घेतला. पुटचा आयव्ही १३ ते १३.५ आणि कॉलचा ११.५ धरला आहे, कारण निफ्टीत खालचे पुट सहसा महाग असतात. हातात आले ४६ पॉइंट. लॉट ६५ चा, म्हणजे २,९९० रुपये. हाच कमाल नफा. कमाल तोटा १५४ पॉइंट, म्हणजे १०,०१० रुपये. ब्रेकइव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा, २४,५५४ आणि २५,४४६ ला.

आता तुमचा प्रश्न: निफ्टी ३०० पडून २४,७०० वर आला. एक्स्पायरीच्या रेघेवर पूर्ण २,९९० चा नफा दिसतो. टार्गेट डेट शुक्रवारवर आणा, म्हणजे ४ दिवस बाकी, आयव्ही आहे तोच. ४५ चा पुट आता जवळपास ९० चा झालेला असतो, संरक्षणाचा पुट ३७ चा, कॉल एक-दोन रुपयांवर. सगळा सौदा मिटवायला ५३ पॉइंट लागतात, म्हणजे सुमारे ४८० रुपये तोटा. आता तिसरा स्लायडर. निफ्टी तीन दिवसांत ३०० पडला तर आयव्ही जागेवर बसून राहत नाही. सगळ्या लेगचा, म्हणजे सौद्यातल्या चारही ऑप्शनचा, आयव्ही ४ अंकांनी वर न्या. मिटवण्याचा खर्च ६६ पॉइंट, तोटा १,३०० रुपये. भाव एकच, २४,७००, आणि उत्तरं तीन: अधिक २,९९०, उणे ४८०, उणे १,३००. तुम्ही फक्त पहिलं बघत होता. खात्यात दिसत होतं ते तिसरं.

हाच प्रयोग कॉन्डॉरचे दोन्ही संरक्षण-लेग काढून, म्हणजे नुसत्या शॉर्ट स्ट्रँगलवर करा. हातात ७९ पॉइंट येतात, ५,१३५ रुपये, म्हणून तो मोहात पाडतो. त्याच शुक्रवारी, त्याच २४,७०० वर, आयव्ही ४ ने वाढला तर तोटा साधारण ३,६७० रुपये. कॉन्डॉरमध्ये विकलेल्या आणि घेतलेल्या लेगचा व्हेगा (आयव्ही एक अंक हलला की भाव किती हलतो ते) एकमेकांना बराचसा खाऊन टाकतो. स्ट्रँगलमध्ये तो उघडा असतो.

आयव्हीच्या स्लायडरबाबत एक खोच आहे आणि ती ॲपच्या मदत-पानावर सहसा ठळक लिहिलेली नसते. काही सॉफ्टवेअरमध्ये '+१०' म्हणजे १३ चे २३, काहींत १३ वर दहा टक्के, म्हणजे १४.३. तुमच्या ॲपमध्ये काय आहे ते तपासायला एकच लेग टाका, स्लायडर हलवा आणि त्या लेगसमोरचा आयव्ही किती झाला ते वाचा. टक्केवारीवाल्या स्लायडरवर ४ अंक वाढवायचे तर १३ साठी सुमारे +३१ ठेवावं लागेल.

किती पडझडीला किती आयव्ही धरायचा, याचं पक्कं सूत्र नाही. काम चालवायला निफ्टीच्या प्रत्येक टक्का घसरणीला दीड ते दोन अंक वाढ धरा. सावकाश वर जाणाऱ्या बाजारात अर्धा-एक अंक घट. वरच्या उदाहरणात १.२ टक्के घसरणीला ४ अंक धरले, ते जरा कडकच आहेत. पण विकणाऱ्याने कडकच धरावेत.

भावाचा स्लायडर कुठवर न्यायचा, तेही अंदाजाने ठरवू नका. आयव्हीला १६ ने भागलं की एका कामकाजाच्या दिवसाची साधारण चाल टक्क्यांत मिळते: १२ भागिले १६ म्हणजे ०.७५ टक्के, २५,००० वर १८७ पॉइंट. पूर्ण आठवड्यासाठी १२ टक्के आयव्हीला एक प्रमाणित विचलन (साधारण तीनपैकी दोन वेळा भाव ज्याच्या आत राहतो तेवढी चाल) सुमारे ४१५ पॉइंट येतं. तेव्हा तीनशेची पडझड ही वाईट वेळ नव्हे, साधा आठवडा आहे. तपासायला हवं ते ४१५ चं, मग ८३० चं, आणि त्यापुढे एक गॅपचं, म्हणजे बाजार आदल्या बंद भावापासून एकदम दूर उघडण्याचं, चित्र.

गॅपसाठी काल्पनिक आकडा शोधायची गरज नाही. ४ एप्रिल २०२५ ला, शुक्रवारी, निफ्टी २२,९०४ वर बंद झाला आणि सोमवारी ७ तारखेला २१,७५८ वर उघडला, पाच टक्के खाली. त्या एका दिवसात इंडिया व्हिक्स (निफ्टी ऑप्शनच्या आयव्हीचा निर्देशांक) १३.८ वरून २२.८ वर बंद झाला. हेच तुमच्या सौद्यावर टाका: दुसऱ्या दिवशी सकाळी निफ्टी २३,७५०, आयव्ही ९ अंकांनी वर, ६ दिवस बाकी. कॉन्डॉरचा तोटा सुमारे ८,०६० रुपये. स्ट्रँगलचा एका लॉटला सुमारे ५२,४०० रुपये, ५,१३५ च्या प्रीमियमसाठी. आणि असा गॅप पडतो तेव्हा स्टॉपलॉस तुमच्या भावावर लागत नाही, उघडलेल्या भावावर लागतो. दिवसभर युनिटवर असणाऱ्या माणसाने स्ट्रँगलच्या वाटेला जाऊच नये, हे आमचं स्पष्ट मत.

कॉन्डॉरच्या बाबतीत मात्र तुमच्या अडचणीवर एक सोपा तोडगा व्हॉट-इफमधूनच निघतो. भावाचा स्लायडर विकलेल्या आणि घेतलेल्या पुटच्या बरोबर मध्ये, २४,५०० वर ठेवा आणि बाकी दोन्ही स्लायडर हवे तसे हलवा. स्प्रेडचा, म्हणजे या दोन पुटमधल्या फरकाचा, भाव ९५ ते १०० च्या बाहेर फारसा जात नाही. दुसऱ्या दिवशी, आयव्ही तोच: तोटा साधारण ३,२००. शुक्रवारी, आयव्ही ४ ने वर: ३,३००. सोमवारी: ३,४०० च्या आत. एक्स्पायरीला: ३,५१०. मधल्या बिंदूवर रुंदीच्या (दोन पुटमधल्या २०० पॉइंटच्या) निम्मा भाव राहतो, मग दिवस कोणताही असो. म्हणजे 'घेतलेल्या प्रीमियमएवढा तोटा झाला की बाहेर' असा नियम तुम्हाला पाळायचा असेल, तर सतत नफा-तोटा बघत बसायची गरज नाही. निफ्टी २४,५०० आणि वर २५,५०० असे दोन प्राईस अलर्ट लावा. अलर्ट वाजेपर्यंत युनिटवरचं काम करा, गड्ड्याच्या यात्रेत असाल तर यात्रा करा. वाजला की सौदा काटा. पत्रात लिहिलंय तसं शुक्रवारचा ४८० किंवा १,३०० चा तोटा बघून घाबरायचं कारण उरत नाही. तो आकडा तुम्हाला सौदा टाकतानाच माहीत असेल. गॅपमध्ये हा अलर्टही उपयोगाचा नाही. तिथे घेतलेले लेगच वाचवतात.

आता आकडे भरताना होणाऱ्या चुका. स्लायडर कितीही बरोबर हलवले तरी पाया चुकीचा असेल तर उत्तर चुकतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक एलटीपीची, म्हणजे शेवटच्या सौद्याच्या भावाची. लांबच्या स्ट्राईकमध्ये (स्ट्राईक म्हणजे ऑप्शनचा ठरलेला भाव, जसा वरचा २४,४००) शेवटचा सौदा दहा मिनिटांपूर्वीचा असू शकतो, आणि ॲप त्यावरूनच आयव्ही काढतं. बिड (घेणाऱ्याचा भाव) आणि आस्क (विकणाऱ्याचा भाव) यांच्या मधला भाव घ्या. सौदा झाल्यावर प्रत्यक्ष मिळालेला भाव हाताने भरा, नाहीतर पहिल्याच दिवशी शे-दोनशे रुपयांचा खोटा नफा-तोटा दिसतो.

दुसरी चूक आधारभावाची. साप्ताहिक ऑप्शनची किंमत स्पॉट निफ्टीवर नाही, त्या एक्स्पायरीच्या फॉरवर्ड भावावर (त्या दिवसासाठी बाजार आज धरतो त्या निफ्टीच्या भावावर) ठरते, आणि साप्ताहिक फ्युचर तर नसतोच. तो भाव असा काढा: २५,००० च्या स्ट्राईकचा कॉल १९० आणि पुट १६० असेल, तर २५,००० अधिक १९० उणे १६०, म्हणजे २५,०३०. ॲपमध्ये आधारभाव निवडायची सोय असेल तर 'सिंथेटिक फ्युचर' निवडा. ओळखायची खूण: एकाच स्ट्राईकच्या कॉल आणि पुटचा आयव्ही दोन-तीन अंकांनी वेगळा दिसत असेल, तर तुमचं ॲप चुकीचा आधारभाव धरतंय.

तिसरी, सगळ्या स्ट्राईकना एकच आयव्ही लावणारी सॉफ्टवेअर. वरच्या उदाहरणात तसं केलं तर पुट स्वस्त आणि कॉल महाग दाखवले जातात, आणि कॉन्डॉर दोन्ही बाजूंना सारखाच सुरक्षित वाटतो. तसा तो नसतो.

कॅलेंडर स्प्रेड (जवळच्या एक्स्पायरीचा ऑप्शन विकून लांबच्या एक्स्पायरीचा घेणं) करत असाल तर जास्त जपून. जवळच्या आणि लांबच्या एक्स्पायरीचा आयव्ही सारखा हलत नाही. स्लायडर मात्र दोन्ही सारखे हलवतो आणि सौदा आहे त्याहून गोड दाखवतो. ७ दिवसांच्या लेगला ४ अंक वाढवले तर २८ दिवसांच्या लेगला २ अंकच वाढवा. दिवसांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ, एवढा साधा हिशेब. प्रत्येक एक्स्पायरीचा आयव्ही वेगळा हलवायची सोय नसेल तर त्या सॉफ्टवेअरमध्ये कॅलेंडर तपासूच नका.

मोठ्या घटनेच्या आधी ऑप्शन विकत घेणाऱ्यांचं गणित उलट फसतं. २०२४ च्या लोकसभा निकालाच्या दिवशी, ४ जूनला, इंडिया व्हिक्स २७ च्या जवळ बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी १९ च्या आसपास आला. स्ट्रॅडल (एकाच स्ट्राईकचा कॉल आणि पुट) घेऊन रात्र काढणाऱ्याने व्हॉट-इफमध्ये आयव्ही ८ अंकांनी खाली नेऊन बघितलाच पाहिजे. अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशीही तेच.

'नफ्याची शक्यता' म्हणून ॲप जो टक्का दाखवतं, त्याबद्दल दोन शब्द. आपल्या कॉन्डॉरला तो साधारण ७१ येईल. तो भाकीत नाही. आजच्या आयव्हीवरून काढलेला आकडा आहे आणि तो आयव्ही बदलला की बदलतो. शिवाय २,९९० कमवण्यासाठी १०,०१० पणाला लावलेले असताना, प्रत्येक तोटा कमाल धरला तर बरोबरीला यायलाच ७७ टक्के लागतात. सगळे तोटे कमाल नसतात म्हणून हिशेब कसाबसा जुळतो, आणि त्यातून खर्च वजा जातो. सेबीच्या जुलै २०२५ च्या अभ्यासात २०२४-२५ या वर्षात इक्विटी डेरिव्हेटिव्हमधले ९१ टक्के वैयक्तिक ट्रेडर निव्वळ तोट्यात होते. नफ्याची शक्यता ७१ दाखवणारे सौदे त्यांच्यातल्याही पुष्कळांनी केले असणार.

खर्च बहुतेक व्हॉट-इफमध्ये धरलेलाच नसतो. चार लेग टाकायला चार आणि काढायला चार ऑर्डर. २० रुपये दराने १६० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १८९. प्रत्येक ऑर्डरला अर्धा रुपया भाव वाकडा मिळाला तर आठ ऑर्डरचे २६० रुपये. एसटीटी (सौद्यावरचा कर), एक्सचेंजचं शुल्क, मुद्रांक शुल्क त्यावर. साडेचारशेच्या वर गेलेच, २,९९० पैकी. एका लॉटसाठी हे प्रमाण फार आहे. ४६ पॉइंटऐवजी ३९ धरून सगळं पुन्हा तपासा. तरीही सौदा बरा वाटला तरच करा.

मार्जिनचाही (सौद्यासाठी ब्रोकरकडे अनामत ठेवाव्या लागणाऱ्या पैशांचाही) व्हॉट-इफ असतो आणि तो लोक करत नाहीत. टाकताना आधी घेतलेले लेग, मग विकलेले. काढताना उलट: आधी विकलेले परत घ्या. संरक्षणाचा पुट आधी विकलात तर काही मिनिटांपुरतं उघड्या पुटचं मार्जिन लागतं आणि ऑर्डर अडकते, नेमकी बाजार पडत असताना. एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर दोन टक्के जादा मार्जिन लागतं. २५,००० च्या निफ्टीवर एका विकलेल्या लॉटमागे सुमारे ३२,५००. मंगळवारपर्यंत थांबायचं असेल तर ते पैसे सोमवारीच मोकळे हवेत. शेअरवरच्या ऑप्शनमध्ये तर एक्स्पायरीला किंमत उरलेल्या (इन-द-मनी) लेगची शेअरमध्ये डिलिव्हरी द्यावी-घ्यावी लागते. पेऑफ चार्ट ते सांगत नाही, म्हणून तिथे एक्स्पायरीआधी बाहेर पडलेलं बरं. (बालाजी अमाईन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हे आपल्या गावचे शेअर अनेकांकडे असतात, त्यांवर ऑप्शनच नाहीत, आणि निफ्टीचा पुट घेऊन त्यांना संरक्षण मिळत नाही.)

आता तुमच्या ॲपवर किती विश्वास ठेवायचा, हे ठरवण्यासाठी पुढचे चार आठवडे रोज पाच मिनिटं द्या. आज साडेतीन वाजता टार्गेट डेट उद्यावर आणा, आयव्ही तोच ठेवा, आणि निफ्टी आहे तिथे, १८७ वर, १८७ खाली असे तीन नफा-तोट्याचे आकडे वहीत लिहा. उद्या साडेतीनला निफ्टी जिथे असेल तो भाव कालच्याच मांडणीत टाका आणि येणारा आकडा प्रत्यक्षाशी ताडा. फरक आला तर आजचा आयव्ही लेगनिहाय टाकून पुन्हा बघा. फरक त्याने मिटला तर ॲप ठीक आहे, तुमचा आयव्हीचा अंदाज सुधारायचाय. मिटला नाही तर आधारभाव किंवा एलटीपी. शुक्रवारी लिहिलेला आकडा सोमवारी ताडताना टार्गेट डेट सोमवारच आहे ना, तेवढं बघा. सॉफ्टवेअर सहसा शनिवार-रविवारही मोजतं, आणि त्या दोन दिवसांची घट बाजार अनेकदा शुक्रवारी दुपारीच भावात धरतो.

सॉफ्टवेअर विकत घ्यायचं का? आत्ता नको. टार्गेट डेट, आयव्ही आणि भाव असे तीन स्लायडर ब्रोकरच्या फुकट स्ट्रॅटेजी बिल्डरमध्ये असतील तर एक-दोन लॉटच्या कॉन्डॉरला ते पुरे आहे. महिना हजार-बाराशे म्हणजे एका सौद्याच्या कमाल नफ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

युनिटच्या हिशेबासाठी एक्सेल वापरत असाल तर त्याच्या 'डेटा' टॅबमध्ये 'व्हॉट-इफ ॲनालिसिस' नावाचाच मेनू आहे. चार लेगची किंमत काढणारं ब्लॅक-शोल्सचं सूत्र एकदा बसवा, मग 'डेटा टेबल' घेऊन आडवे निफ्टीचे भाव, उभे उरलेले दिवस. ते दोनच घटक एका वेळी घेतं, म्हणून आयव्हीच्या तीन पातळ्यांसाठी तीन तक्ते करा. इनपुटचा सेल आणि तक्ता एकाच शीटवर हवेत, नाहीतर एक्सेल नकार देतं. आकडे बदलत नसतील तर गणनेच्या सेटिंगमध्ये डेटा टेबल वगळले गेलेत का ते पाहा. गूगल शीट्समध्ये ही सोय तयार मिळत नाही. लिब्रेऑफिसमध्ये 'मल्टिपल ऑपरेशन्स' या नावाने मिळते.

भाच्याचं सॉफ्टवेअर पुढे कधी घ्यायचंच ठरलं, तर आधी फुकट चाचणीच्या दिवसांत तीन गोष्टी बघा: प्रत्येक लेगचा आयव्ही हाताने बदलता येतो का, प्रत्येक एक्स्पायरीचा आयव्ही वेगळा हलवता येतो का, आणि मांडलेली परिस्थिती साठवून दुसऱ्या दिवशी उघडता येते का. यातली तिसरी नसेल तर वही आहेच.